काशीहून पुढे

मराठी माणसाच्या मनातील नकाशावर काशी हे प्रवासाचे अखेरचे ठिकाण आहे. तेथवर जायचे, स्नान करायचे, विश्वेश्वराचे दर्शन घ्यायचे, गंगेचे पाणी भरून घ्यायचे आणि परतायचे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, झाशीत तर त्यांच्या जिवावरच बेतले. परंतु अखेरीस गंगेची कावड घेऊन ते घरी आले, त्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातले, आणि तेव्हा कुठे त्यांचा प्रवास पुरा झाला. ज्यांना परतायचे नव्हते, ते तेथेच राहिले. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट या भागांतील जुनी मराठी घराणी त्यांचीच. काशीच्या पुढेही गंगा वाहते, हे भूगोलाच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. पण त्या पुढच्या गंगेचा विचार कोणी फारसा करीत नाही. त्रिस्थळीच्या यात्रेत गयेस जाणारा यात्रेकरूदेखील येथे गंगेची सोबत सोडून खुष्कीची वाट धरतो.

अशा या काशीहून १३ जानेवारी २०२३ रोजी एक नौका निघाली ती परतण्यासाठी नव्हे, तर पुढे जाण्यासाठी. 'गंगा विलास' हे तिचे नाव. एकावन्न दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, सत्तावीस नद्या आणि उपनद्यांचे जाळे, वाटेत बांगला देश आणि शेवटी आसामातील दिब्रुगड, असा तिचा मार्ग होता. पहिल्या खेपेस स्वित्झर्लंडमधील बत्तीस प्रवासी होते. २८ फेब्रुवारीस ही नौका दिब्रुगडला पोहोचली. हिशेबच करायचा झाला, तर दिवसाला त्रेसष्ट किलोमीटरांच्या आसपास पडतात. मोटार हे अंतर तासा-दीड तासात कापते. म्हणजे या प्रवासात गती विकलेली नाही. दिवस विकलेला आहे, आणि तोही लाखांच्या घरात जाणाऱ्या भाड्याने.

लांबच्या जलप्रवासातील दिवसाची कल्पना आपल्याकडे सागरावरून आलेली आहे. विलायतेस जाणाऱ्या आगबोटींवर असे दिवस पुष्कळ असत: बंदर नाही, किनारा नाही, डोळ्यांसमोर निळ्या पाण्याचे वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी न्याहारी, भोजन, डेकवरील खेळ, पुन्हा भोजन. बोटीवरील घड्याळे मधूनमधून थोडी मागे किंवा पुढे सरकवीत. त्या दिवशी प्रवाशाला काही काम नसे, आणि एका अर्थाने सागरालाही नसे. महासागराची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरांहून अधिक. मोठी प्रवासी बोट त्यातील आठ-दहा मीटर वापरते. उरलेल्या पाण्याशी तिला कर्तव्य नसते.

कोकणच्या लोकांनी मात्र सागराचा हिशेब वेगळ्या शब्दात ठेवला आहे. त्यांच्या बोलीत 'बोट लागते', म्हणजे पोटात ढवळते. गंगेवर बोट तशी कोणालाच लागत नाही. तेथे बोट लागते ती तळाला.

या एका शब्दातच नदीवरील दिवसाचे सारे स्वरूप आहे. 'गंगा विलास' ही बासष्ट मीटर लांब, बारा मीटर रुंद, तीन मजली आणि अठरा खोल्यांची नौका. एवढा डोलारा असूनही ती पाण्यात जेमतेम १.४ मीटर बुडते. उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल, एवढ्या पाण्यावर तिला चालावे लागते. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून १९८६ साली घोषित झालेल्या प्रयागराज ते हल्दिया या १,६२० किलोमीटरांच्या मार्गावर शासनाने निरनिराळ्या टप्प्यांसाठी किमान खोलीचे लक्ष्य ठरविले आहे. काशीच्या खाली ते सव्वादोन ते तीन मीटरांच्या दरम्यान आहे. कागदावरील खोली आणि नदीतील खोली यांची गाठ घालून देण्यात जलमार्गाच्या अधिकाऱ्यांचा हिवाळा जातो. त्यांच्या दुर्दैवाने प्रवाशांचा हंगामही हिवाळाच. पावसाळ्यात पाणी असते, पण प्रवासी नसतात; हवा सुखाची झाली की पाणी उतरू लागते.

नौका रविदास घाटावरून निघते तेव्हा हा हिशेब कोणाच्या ध्यानात नसतो. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्यामुळे सबंध काशी डाव्या हाताला एखाद्या पटासारखी उलगडत जाते. मराठी प्रवासी असेल तर त्याला या पटात घरची नावे भेटतात. अहिल्याबाईंचा घाट येतो. त्याच अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे आजचे मंदिर उभारले. मग दशाश्वमेध आणि मणिकर्णिका. त्याच्या शेजारी बायजाबाई शिंदे यांनी बांधलेला शिंदे घाट. त्याच्या पायथ्याशी पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ अजूनही तसेच तिरपे उभे आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, मग पंचगंगा. शेवटी १८८७ साली खुला झालेला राजघाटचा पूल डोक्यावरून जातो आणि काशी संपते. घाट संपतात तेथे दगड संपतो. यापुढे दोन्ही तीरांवर माती आणि वाळू, आणि मातीवाळूच्या तीरांत नदी स्वतःच्या मर्जीने वागते.

बक्सरच्या खाली नौका येते तेव्हा खऱ्या अर्थाने 'मधला दिवस' सुरू होतो. पाहण्याचे ठिकाण नाही, उतरण्याचा घाट नाही, असा दिवस. सागरावरील दिवसाचा नदीवरील भाऊ तो हाच. जानेवारीत त्याचा आरंभ बहुधा धुक्याने होतो. ओलसर शेते, निरभ्र रात्र आणि पडलेला वारा यांमुळे गंगेच्या मैदानात धुके असे दाटते की, नौकेच्या पुढच्या टोकावर उभ्या असलेल्या खलाशाला तीर तर नाहीच, कधीकधी पाणीही दिसत नाही. नांगर उचलता येत नाही. न्याहारी होते, चहा होतो, घड्याळ दहाकडे सरकते. हे घड्याळही येथे मौजेचे आहे. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावर ठरली आहे ते मिर्झापूरजवळून, म्हणजे काशीच्या किंचित पश्चिमेकडून जाते. तेव्हा ही नौका जेथून निघते तेथे घड्याळाचे आणि सूर्याचे बव्हंशी जुळते. पुढे ती पूर्वेस जाते, घड्याळ भारतात तेच राहते, आणि सूर्य मात्र रोज थोडा आधी उगवतो. दिब्रुगडला पोहोचेपर्यंत त्याने सुमारे पाऊण तासाची आघाडी घेतलेली असते.

धुके विरले की काम सुरू होते. प्रवाशांचे नव्हे, वाटाड्याचे. समुद्रावरील कप्तानाला दिशा ठाऊक असली की पुरते. नदीवर दिशा सर्वांनाच ठाऊक असते, वाट कोणालाच कायमची ठाऊक नसते. दर पावसाळ्यात गंगा आपली धार बदलते. मागल्या वर्षी जेथून नौका गेली तेथे या वर्षी वाळूचे बेट असते, आणि मागल्या वर्षीच्या बेटावरून या वर्षी पाणी वाहते. म्हणून सुकाणूजवळ प्रतिध्वनीने खोली सांगणारे यंत्र असले तरी, त्या त्या टप्प्याची धार ओळखणारा माणूस लागतोच. तो पाण्याचा पृष्ठभाग वाचतो. गुळगुळीत, तेलकट दिसणारे पाणी खोल. बारीक सुरकुत्या पडलेले पाणी उथळ. कडेला माती ढासळत असेल तर धार त्या तीरास लागलेली. विस्तीर्ण पात्राच्या मधोमध जाण्याऐवजी नौका एकाएकी एका तीराला अगदी लगटून का चालली, याचे नवल करणाऱ्या प्रवाशाला या वाचनाची कल्पना नसते.

वाटेत कोठेकोठे पाण्यात बांबूची कुडे उभी केलेली दिसतात. प्रथमदर्शनी ती कोळ्यांची वाटतात. वस्तुतः ते नदीला लावलेले वळण आहे. बांबूच्या चौकटींना चटया बांधून त्या धारेशी तिरप्या अशा ओळीने रोवतात. चटईने वरचे पाणी अडते, ते एका बाजूस वळते, तेथे त्याचा जोर वाढतो आणि त्या जोराने तळाची वाळू खणली जाऊन वाट खोल होते. यास 'बंडाल' म्हणतात. आगबोटींच्या काळातील ही युक्ती आहे, आणि वाळू उपसणारी मोठमोठी यंत्रे आल्यानंतरही ती टाकाऊ ठरलेली नाही. नदीकडून काम करून घ्यायचे तर तिच्याच बळाने घ्यावे, हे त्या बांबू रोवणाऱ्यांना कोणत्याही अहवालाशिवाय उमगले होते.

आगबोटींचा तो काळ आज पार विसरला गेला आहे. १८३४ साली 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' ही लोखंडी आगबोट कलकत्त्याहून अलाहाबादकडे नियमित जाऊ लागली. इंजिनाचा धाक नको म्हणून प्रवासी आगबोटीत बसत नसत. त्यांच्यासाठी वेगळी नौका मागे दोराने ओढली जाई. देशी नावेला जेथे दोन-तीन महिने लागत, तेथे ही सफर सुमारे तीन आठवड्यांत होई, आणि त्या काळच्या साहेबाला ती विलक्षण वेगाची वाटे. पुढे दोन गोष्टी घडल्या. १८५४ साली हरिद्वारला गंगेचा कालवा सुरू झाला आणि नदीचे पाणी शेतांकडे वळले. १८७८ मध्ये नरौऱ्याहून दुसरा कालवा निघाला. दुसरीकडे १८६२ पर्यंत कलकत्त्याची रेल्वे काशीच्या समोर मोगलसराईला येऊन पोहोचली. पाणी कमी झाले आणि प्रवासीही गेले. त्यानंतर शेकडो गावांना, आपले गाव एका राजमार्गाच्या काठी वसलेले आहे, याचा विसर पडला.

त्या विस्मरणाच्या काळात नदीच्या पात्रात एक वेगळेच जग वसले. मध्यान्हीच्या उन्हात नौका 'दियारा' भागातून जाते तेव्हा ते दिसते. पुराने आणलेल्या गाळावर मसूर आणि मोहरी हिरवी-पिवळी उभी असते. कोरड्या वाळूत हातभर खड्डे करून टरबुजांची बी टाकलेली असते. ही जमीन आज आहे, उद्या असेलच असे नाही. बलिया आणि भोजपूर या जिल्ह्यांमधील सीमा पूर्वी नदीची धार हीच मानली जाई. धार सरकली की माणूस न हलता उत्तर प्रदेशातून बिहारात जाई, आणि त्यापाठोपाठ लाठ्या निघत. अखेर १९६८ साली संसदेने कायदा करून ही सीमा जमिनीवर कायम आखून दिली. महसूल खात्याला ती पुरेशी झाली. नदीने तो कायदा वाचलेला नाही.

वाळूच्या टोकावर तांबूस रंगाची बदके जोडीजोडीने बसलेली असतात. संस्कृत काव्यात रात्रभर विरहाने तळमळणारे चक्रवाक ते हेच. प्रत्यक्षात ही जोडी सहसा एकमेकांस सोडून राहत नाही. कवींनी तिच्यावर अन्याय केला आहे. याच टापूत दैव बरे असेल तर पाण्यातून एक करडी पाठ वर येते, श्वासाचा सुस्कारा ऐकू येतो आणि क्षणात सारे नाहीसे होते. ही गंगेतील डॉल्फिन. त्या सुस्काऱ्यावरूनच स्थानिक लोक तिला 'सूंस' म्हणतात. ती जवळजवळ आंधळी असते. गढूळ पाण्यात ती ध्वनी सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधते. सुकाणूजवळचे यंत्र तेच करते. फरक एवढाच की, यंत्राच्या नौकेचा आवाज सूंसीच्या कानावर आदळतो, तिचा आवाज नौकेला ऐकू येत नाही. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत भारतातील नद्यांत ६,३२७ डॉल्फिन आढळल्या. त्यांना हवी असते खोल धार, आणि नौकेलाही खोल धारच हवी असते. पात्र कितीही रुंद असले तरी कोरड्या ऋतूत दोघींना एकाच गल्लीतून जावे लागते. काशीत अशीच अडचण कासवांच्या वाट्याला आली. रामनगरपासून राजघाटच्या पुलापर्यंतच्या सात किलोमीटरांत १९८९ साली त्यांच्यासाठी अभयारण्य केले होते. २०२० साली ते तेथून उठविण्यात आले. जलमार्ग मोकळा झाला. निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी बोलता येईल. कासवांच्या बाजूने बोलणारे अर्थात थोडे.

तिसऱ्या प्रहरी या दिवसातील सर्वांत मोठा प्रसंग घडतो, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचा उल्लेखही नसतो. समोर नदीच्या आरपार एक काळी रेघ दिसू लागते. तो 'पीपा पूल' असतो. पावसाळा संपला की, लोखंडाची मोठमोठी पोकळ पिंपे पाण्यात ओळीने तरंगत ठेवून, त्यांवर फळ्या व पत्रे घालून हा पूल उभारतात. पावसाळ्याच्या तोंडी तो काढून घेतात. जेथे पक्का पूल वीस-तीस किलोमीटरांवर आहे, तेथे या पुलावरून सारा व्यवहार चालतो: दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली, वऱ्हाडाच्या जीपगाड्या, शाळेची पोरे, दवाखान्यात न्यावयाचे रोगी. बासष्ट मीटरांच्या नौकेला मात्र हा पूल म्हणजे भिंत. मग आगाऊ निरोप गेलेला असतो, पुलावरील वाहतूक थांबविली जाते, मधली काही पिंपे सोडवून बाजूस ओढतात, आणि वाट मोकळी होईपर्यंत नौका प्रवाहात उभी राहते.

तेवढा वेळ दोन्ही बाजूंना माणसे खोळंबतात. नौकेवरचे लोक कठड्याशी येऊन काठावरील लोकांची छायाचित्रे घेतात. काठावरचे लोकही खिशातून फोन काढून नौकेची घेतात. पोरे हात हलवितात. वरूनही हात हलतात. यात कोणाच्याही मनात वाईट नसते. तरीपण, सायकलवरील दूध उशिरा पोहोचले तर त्याचा भाव पडतो, आणि नौकेवरील चहा उशिरा आला तर तो केवळ उशिरा येतो. नदी ही रस्ता आहे हे खरे. परंतु ती लांबीने जाणाऱ्यांचा रस्ता आहे तशीच रुंदीने ओलांडणाऱ्यांचाही आहे. राष्ट्रीय जलमार्गाच्या नकाशावर पहिला रस्ता निळ्या रेघेने काढलेला असतो. दुसरा रस्ता दर पावसाळ्यात मोडतो आणि दर हिवाळ्यात पुन्हा जोडला जातो.

काशीच्या मल्लाहांची तक्रारही याच जातीची आहे. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना घाटांवरून फिरविणाऱ्या निषाद समाजाने मोठ्या पर्यटननौकांना विरोध दर्शविला, तेव्हा त्यांना प्रगतीचे विरोधक ठरविण्याची घाई काहींनी केली. त्यांचे म्हणणे साधे होते: गंगेवर हक्क कोणाचाच नाही, पण गंगेवर पोट आमचे आहे. हे म्हणणे मांडण्यासाठी त्यांच्यापाशी घोषणा होत्या, अहवाल नव्हते. आणि मौज अशी की, नव्या नौकांनाही अखेरीस धार ओळखणारी माणसे लागतातच. ती वल्ह्यावर वाढलेल्या घरांतूनच मिळतात.

पहिल्या सफरीच्या चौथ्याच दिवशी, १६ जानेवारी २०२३ रोजी, छपऱ्याजवळ डोरीगंज येथे नौका उथळ पाण्यात रुतल्याची बातमी वृत्तपत्रांत झळकली. जलमार्ग प्राधिकरणाने ती लगोलग नाकारली. चिरांद येथील नवाश्मयुगीन वस्तीचे अवशेष पाहण्यासाठी प्रवाशांना लहान होड्यांतून तीरावर नेले, तीराजवळ पाणी थोडे म्हणून मोठी नौका खोल धारेत उभी राहिली, आणि पुढे ठरल्या वेळी पाटण्यास पोहोचली, असा खुलासा झाला. बातमीत सनसनाटी होती, खुलाशात वस्तुस्थिती होती. पण त्या वस्तुस्थितीतही तीच गोष्ट उरते. नौकेला जे तीर गाठता आले नाही ते लहान होडीने गाठून दिले.

संध्याकाळी सूर्य पश्चिमेकडील वाळूत बुडतो आणि नदीवर एकदम गारठा पसरतो. अशा नदीत रात्री बहुधा पुढे जात नाहीत. वाटाड्या धारेतील बरीशी खोल जागा पाहतो, साखळी खडखडते, नांगर पडतो. वरच्या मजल्यावर दिवे लागतात, भोजनाची तयारी होते; उद्या पाटणा, मग मुंगेर, सुलतानगंज, साहिबगंज, फराक्क्याचे धरण, तेथील पाणकोठीत पाण्याची पातळी बदलून घेऊन अडतीस किलोमीटरांच्या कालव्यातून भागीरथीत उतरणे, असा पुढचा क्रम प्रवाशांना सांगितला जातो. सुकाणूच्या खोलीत मात्र उद्याचा विचार एवढ्या लांबचा नसतो. तेथे संध्याकाळची खोली वहीत टिपून ठेवतात, सकाळी ती पुन्हा पाहतात. रात्रीतून बोटभर पाणी उतरलेले असले तर निघण्याची वाट बदलावी लागते.

मागे, अंधारात, पीपा पुलावर माणसे कंदील घेऊन सोडविलेली पिंपे पुन्हा जाग्यावर आणतात. साखळ्या आवळल्या जातात, फळ्या बसतात. शेवटचा खिळा बसण्याआधीच पहिली सायकल त्यावर चढलेली असते.